लमाणाचे ओझे : डॉ. श्रीराम लागू यांच्या अभिनयाचा विचार

नटाच्या कलेचे मूल्यमापन करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिली अडचण उभी राहते ती साधनांची. कवीची कविता आणि नाटककाराची संहिता पुन्हा पुन्हा उघडून पाहता येते. नटाचे काम मात्र पडदा पडताच संपते. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’त गणपतराव जोशी कसे उभे राहत, हे आज जे काही कळते ते पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून, आणि आठवण ही प्रेमाने रंगलेली असल्यामुळे पुरावा म्हणून ती जपूनच हाताळावी लागते. चित्रपटाने ही अडचण दूर केली, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः त्याने एक नवी अडचण निर्माण केली आहे. जो नट रंगभूमीवर आणि पडद्यावर अशा दोन्ही ठिकाणी वावरला, त्याचे पडद्यावरचे काम तेवढे शिल्लक राहते आणि पुढच्या पिढ्या त्याच्यावरूनच त्या नटाचे माप घेऊ लागतात.

डॉ. श्रीराम लागू यांच्या बाबतीत हे विशेषच घडले आहे. १७ डिसेंबर २०१९ रोजी वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले, त्या वेळी महाराष्ट्राबाहेरच्या सामान्य प्रेक्षकाला ते ठाऊक होते हिंदी चित्रपटांतील वडील, न्यायाधीश, डॉक्टर आणि अधिकारी म्हणून. महाराष्ट्राला मात्र ते ‘नटसम्राट’ म्हणून ठाऊक होते. या दोन कीर्तींमधले अंतर इतके मोठे आहे की, ती एकाच नटाची आहेत यावर अपरिचिताचा विश्वास बसू नये. या अंतराची नेहमी दिली जाणारी कारणे दोन आहेत. पहिले असे की, हिंदी चित्रपट हा पोटासाठी केलेला व्यवसाय होता. दुसरे असे की, डॉ. लागू हे ‘बुद्धिवादी नट’ होते आणि त्या बुद्धीला वाव मराठी रंगभूमीवरच मिळाला. पहिले कारण खरे असले तरी त्याने अभिनयाविषयी काहीच सांगितले जात नाही. दुसऱ्याची तपासणी होणे आवश्यक आहे.

चरित्राचा तपशील येथे थोडक्यात पुरे. १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात जन्म, पुण्यात शालेय व महाविद्यालयीन शिक्षण, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकाची पदवी आणि पुढे कान-नाक-घसा या शाखेतील शस्त्रक्रियेचे शिक्षण. नाटकाचे वेड विद्यार्थिदशेतच जडले होते. भालबा केळकर आणि इतर सहकाऱ्यांसह ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’, म्हणजे पुणेकरांची पी.डी.ए., ही त्यांची पहिली शाळा. कॅनडा आणि इंग्लंड येथे अधिक प्रशिक्षण घेऊन त्यांनी पुण्यात व टांझानियात वैद्यकी केली. १९६९ साली वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून ते पूर्णवेळ नट झाले. वयाची चाळिशी उलटलेला, हाती उत्तम चालणारी विद्या असलेला मनुष्य ती बाजूला ठेवून तोंडाला रंग लावतो, ही गोष्ट मराठी समाजाला त्या काळी नवलाची वाटली आणि त्या नवलाचेच पुढे एक समीक्षासूत्र बनले. शल्यविशारदाची अलिप्तता, शल्यविशारदाची अचूकता, असे शब्द त्यांच्या अभिनयाविषयी लिहिताना सहज वापरले जाऊ लागले. हे सूत्र सोडून देणेच बरे. शस्त्रक्रियेतील अचूकता आणि संवादफेकीतील अचूकता यांत नावापलीकडे साम्य नाही. आणि वैद्यकीतून आलेल्या सर्वच नटांचा अभिनय तसा नव्हता, हे डॉ. काशिनाथ घाणेकरांचे नाव आठवताच ध्यानात येईल.

त्यापेक्षा उपयोगी सूत्र खुद्द डॉ. लागूंनीच आपल्या आत्मचरित्राच्या शीर्षकात दिले आहे. ‘लमाण’ हा तो शब्द. लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून एका गावचा माल दुसऱ्या गावी पोचवणारा. माल त्याचा नसतो. तो पिकवतो दुसराच, वापरतो तिसराच. नट हा तसा भारवाहक आहे, नाटककाराचे जे आहे ते प्रेक्षकापर्यंत नेऊन पोचवणे एवढेच त्याचे काम, अशी ही भूमिका. नटाने स्वतःविषयी इतके कमी बोलावे, हे मराठी नाट्यपरंपरेत दुर्मीळच. जेथे प्रेक्षक नाटकाला जात नसत, नटाला पाहावयास जात, आणि जेथे एकेका पदाला वन्समोअर घेताना कथानक तिष्ठत उभे राही, तेथे ही भूमिका जवळजवळ बंडखोरीची म्हणावी लागेल. नाटककाराला रंगमंचाचा धनी मानणाऱ्या ज्या पिढीत डॉ. लागू वाढले, तिचा हा जाहीरनामा होय.

तथापि, सिद्धान्त म्हणून तो कितपत टिकतो? नटाच्या अंतःकरणात प्रयोगाच्या वेळी काय चालते, या प्रश्नाची चर्चा जुनी आहे. फ्रेंच विचारवंत दिदरो याने नटाने स्वतः भावनेत वाहून जाऊ नये, भावनेचे बाह्य चिन्ह तेवढे निर्दोषपणे उभे करावे, असे प्रतिपादन केले. आपल्याकडे न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. स्वत्व न गमावता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे, हा तिचा गाभा. केळकरांच्या विवेचनाचा विषय वाङ्मयाचा आनंद हा होता; पण ती कल्पना नटाला लावून पाहिली तर ती अधिकच चपखल बसते. नट एकाच वेळी दोन ठिकाणी असतो. लमाणाच्या उपमेत मात्र या दुहेरीपणाला जागाच नाही. लमाण मालात शिरत नाही आणि माल त्याच्यात शिरत नाही. गावाला निघताना जो माल होता तोच गावात उतरतो. आता ‘नटसम्राट’चेच उदाहरण घ्यावे. डॉ. लागूंनंतर अप्पासाहेब बेलवलकरांची भूमिका दत्ता भट यांनी केली, सतीश दुभाषी यांनी केली, यशवंत दत्त यांनी केली. माल एकच, शिरवाडकरांचा, शब्दही तेच. तरी प्रेक्षकांनी प्रत्येक वेळी निराळे अप्पासाहेब पाहिले. मालात पडलेली ही भर कोणाची, या प्रश्नाला ‘लमाण’ या शब्दात उत्तर नाही. ती भर डॉ. लागूंच्या बाबतीत नेमकी कोणती होती, हे शोधणे हाच त्यांच्या अभिनयाचा खरा अभ्यास होय.

‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. कावेरीची भूमिका शांता जोग यांची. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया नाटकावर आहे, परंतु राजाच्या जागी शिरवाडकरांनी निवृत्त नट बसवला, आणि या एका बदलाने अभिनयाची समस्या मुळापासून बदलली. लिअरला राज्य होते. अप्पासाहेबांना केवळ राज्याची नाटके होती. मुलामुलीला सर्वस्व वाटून दिल्यावर, घरोघर अपमान सोसल्यावर, चोरीचा आळ आल्यावर आणि अखेर रस्त्यावर बूटपॉलिशवाल्या पोराच्या आधाराने दिवस कंठताना त्यांच्याजवळ उरते ती पाठ असलेली भाषणे. म्हणजे या भूमिकेत एकावर एक असे तीन थर आहेत. खाली प्रत्यक्ष नट. त्यावर अप्पासाहेब, जे स्वतः नट आहेत. आणि त्यावर अप्पासाहेबांनी एके काळी केलेल्या भूमिका. वरच्या थराची भाषा अलंकृत, मधल्या थराची घरगुती. आणि कित्येक ठिकाणी एकाच वाक्यात मधल्यावरून वरच्यावर उडी घ्यावी लागते.

शिरवाडकर मूळचे कवी. त्यांची स्वगते लयीवर चालतात, उपमांमागून उपमा येतात, वाक्य लांबत जाते. असा मजकूर नटाला फार मोहात पाडतो. आवाज चांगला असेल तर लयच त्याला वाहून नेते, टाळी मिळते, आणि अर्थ मागे पडला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. भरताने वाचिक अभिनयाला नाट्याची तनू म्हटले असले, तरी वाचिक जिंकले की सात्त्विक आपोआप जिंकले जाते असे नव्हे. डॉ. लागूंच्या अप्पासाहेबांची जी मुद्रणे उपलब्ध आहेत ती ऐकताना प्रथम जाणवते ते असे की, त्यांनी लय मोडली आहे. ओघात जेथे पुढचा शब्द आपसूक यावा तेथे ते थांबतात. हा थांबा परिणामासाठी घेतलेला नाही. परिणामासाठी घेतलेला थांबा वाक्य संपल्यावर येतो, हा वाक्याच्या पोटात येतो. पुढचा शब्द कोणता, हे बोलणाऱ्यालाही अद्याप सापडलेले नाही असा भास त्यातून निर्माण होतो. मग तो सापडतो, आणि सापडल्याचा किंचितसा आवेग आवाजात उतरतो. प्रेक्षक तयार झालेले वाक्य ऐकत नाही. वाक्य तयार होताना ऐकतो.

हीच ती भर होय. ‘बुद्धिवादी नट’ या बिरुदाने लोकांना जे म्हणावयाचे असते, ते बहुधा हेच. परंतु शब्द चुकीचा निवडला गेला आहे. बुद्धिवाद हे मत आहे, आणि मतांचा अभिनय होत नसतो. डॉ. लागूंची मते प्रखर होती, परमेश्वराला निवृत्त करण्याची वेळ आली आहे असे त्यांनी जाहीरपणे लिहिले आणि त्यावरून वादळही उठले. पण अप्पासाहेब बेलवलकर काही बुद्धिवादी नव्हेत. ते अहंकारी, भाबडे, शब्दांवर भाळणारे म्हातारे आहेत. त्यांच्या तोंडी विचार नाही; आहे ती विचार करण्याची धडपड, आणि ती या नटाने ऐकू येईल अशी केली. घरगुती वाक्यावरून जुन्या भाषणाकडे जातानाची ती उडीही यामुळेच निराळी झाली. जुने भाषण सुरू होते तेव्हा शोध थांबतो, शब्द आयते मिळू लागतात, आवाज भरतो. जणू बुडणाऱ्या माणसाच्या पायाला जमीन लागते. पुढे तीही जमीन सरकते. भूमिकांतील पाठ शब्द आणि जगण्यातले न सापडणारे शब्द यांतला हा फरक संहितेत सुचवलेला असला, तरी तो आवाजात आणणे हे नटाचे कर्तृत्व.

या भूमिकेचा ताण त्यांच्या प्रकृतीला जाणवल्यावाचून राहिला नाही. स्वतःला भारवाहक म्हणवून घेणारा नट नटाला सम्राट ठरवणारे नाटक वाहून नेत होता, या योगायोगावर बरेच लिहिता येईल. पण त्यात फारसा अर्थ नाही. शिरवाडकरांचा नट सम्राट आहे तो उपरोधानेच.

मराठी रंगभूमीवर त्यांची जी अन्य महत्त्वाची कामे झाली त्यांतही हाच गुण वेगवेगळ्या प्रमाणात दिसतो. कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’त (१९७२) नानासाहेब भानू हे महर्षी कर्व्यांच्या चरित्रावरून बेतलेले पात्र त्यांच्या वाट्याला आले. नाटक खरे बयोचे, शांता जोगांचे. नानासाहेबांनी आपल्या ध्येयात इतके गढून जायचे की घर दिसेनासे व्हावे. येथे शब्द शोधण्यापेक्षा शब्द टाळणे महत्त्वाचे होते. गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळे’त (१९७४) मात्र तो गुण पूर्णपणे कामी आला. डाव्या विचारांच्या एका प्राध्यापकाची चौकशी समितीपुढे होणारी जबानी हाच तेथला नाट्यविषय. घटना जवळजवळ नाहीच. प्रश्न आणि उत्तरे. असे नाटक रंगमंचावर टिकते ते एकाच अटीवर : उत्तर देणारा मनुष्य उत्तर पाठ करून आला आहे, असे प्रेक्षकाला क्षणभरही वाटता कामा नये. डॉ. लागूंनी ते स्वतः दिग्दर्शित केले आणि श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी यांची भूमिकाही केली. त्याआधी १९७० मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ परिनिरीक्षण मंडळाशी झगडून रंगमंचावर आणणारे दिग्दर्शक तेच होते. संहितेचा धनी नाटककार, ही भूमिका त्यांच्या लेखी केवळ विनयाची नव्हती. तिच्यासाठी भांडण्याची त्यांची तयारी होती.

या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. जो नट प्रत्येक वाक्य शोधून बोलतो, त्याच्या तोंडी सामान्य वाक्य आले की तेही वजनदार होऊन बसते. दुय्यम नाटकांत डॉ. लागूंचे काम कधीकधी जड वाटे ते यामुळे. ओझे हलके असले तरी चाल मात्र भारी ओझ्याचीच. दुसरी मर्यादा भाषेची. त्यांची मराठी ही पुण्यातील सुशिक्षित वर्गाची मराठी. उच्चार इतके स्वच्छ की, गावरान बोलीच्या वातावरणात ते नेहमी बाहेरून आलेले वाटत. मराठी चित्रपटाने त्यांना जे चांगले दिले ते या मर्यादेचा उपयोग करून घेऊनच, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) ते गावाला शिस्त लावणारे ध्येयवादी शिक्षक आहेत. तमासगिरीणीच्या मोहात पडून ते गाव सोडतात; एका प्रेताची ओळख चुकते आणि गाव त्यांना मेले समजून त्यांचा पुतळा उभारते; अखेर आपल्याच खुनाच्या आरोपाखाली त्यांना फाशीची शिक्षा होते. कथेचे मूळ जर्मनीत, ‘ब्लू एंजल’ या १९३० च्या चित्रपटात आहे, परंतु पुतळ्याची कल्पना अस्सल इथली वाटते. शांतारामांची शैली ठसठशीत रेषांची, रंगांची. प्रतीके प्रेक्षकाच्या हाती ठेवल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. अशा चित्रपटात हा नट अवघडल्यासारखा वाटावा, आणि काही ठिकाणी वाटतोही. परंतु गुरुजींचे तमाशाच्या फडातले परकेपण त्या अवघडलेपणातूनच खरे होते. सभोवती सर्व जण कोल्हापूरकडच्या बोलीत सहज वावरत असताना एकच मनुष्य ग्रंथातल्यासारखा बोलतो. तो पडतो तेव्हा त्याच्या बोलण्याचीच प्रथम पडझड होते.

‘पिंजरा’, ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ या तिन्ही चित्रपटांत निळू फुले आहेत, आणि मराठी चित्रपटातील अभिनयाचा इतिहास लिहिणाऱ्याने या तीन चित्रपटांना एकत्र ठेवून पाहिले पाहिजे. निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून, लोकनाट्यातून आले; ‘कथा अकलेच्या कांद्याची’ आणि ‘सखाराम बाइंडर’ हे त्यांच्या वाटेवरचे टप्पे. त्यांच्या अभिनयात वाक्य शोधावे लागत नाही. ते आधीच तयार असते, तोंडात घोळवलेले असते, आणि समोरचा कितपत घाबरतो हे पाहत सोडलेले असते. या दोन पद्धती समोरासमोर आल्या त्या जब्बार पटेल यांच्या ‘सामना’त. तेंडुलकरांनी लिहिलेला आणि १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेलेला हा चित्रपट वरवर पाहता साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील याची आणि त्याच्या गावात येऊन पडलेल्या एका दारुड्या मास्तरची गोष्ट आहे. मास्तर एके काळचा गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक. हिंदुराव त्याला आश्रय देतो, दारू देतो, आणि मास्तर एकच गोष्ट विचारीत राहतो : मारुती कांबळेचे पुढे काय झाले? हा प्रश्न नंतर मराठी राजकीय बोलीत वाक्प्रचारासारखा रुळला.

डॉ. लागूंच्या पद्धतीची येथे विलक्षण परीक्षा झाली. मास्तरला स्वगते नाहीत, युक्तिवाद नाहीत. त्याला एक प्रश्न आहे आणि पुष्कळ वेळ गप्प बसणे आहे. लमाणाच्या पाठीवर शब्दांचे ओझे जवळजवळ नाहीच. तरी पडद्यावरची त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका हीच होय, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. हिंदुराव बोलत असतो तेव्हा मास्तरचे ऐकणे पाहावे. दारूने जड झालेल्या डोळ्यांत आधी केवळ शब्द पोचतात, मग अर्थ पोचतो, मग त्या अर्थात कोठे तरी खोट आहे हे पोचते, आणि या तीन क्षणांमध्ये चेहऱ्याच्या फारशा हालचाली न होताही काळ गेलेला दिसतो. रंगभूमीवर त्यांनी वाक्य तयार होताना ऐकवले. येथे समजूत तयार होताना दाखवली. गुण तोच, इंद्रिय बदलले. प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जातो तोही आधीच्या वेळच्या आठवणीने नव्हे, तर आताच सुचल्यासारखा; त्यामुळे पुनरुक्तीचा कंटाळा येण्याऐवजी भय वाढत जाते. हिंदुरावाच्या साम्राज्याला तडा जातो तो या न संपणाऱ्या कुतूहलाने. निळू फुले यांच्या तयार वाक्यांना या नवशिक्यासारख्या ऐकण्याने जे उत्तर मिळते, त्यापुढे संवादांची जुगलबंदी फिकी पडली असती.

‘सिंहासन’मध्ये (१९७९) जागा बदलल्या. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनीच पटकथा लिहिली, दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल. आता निळू फुले पाहणारे झाले, पत्रकार दिगू टिपणीस; आणि डॉ. लागू सत्तेची शिडी चढू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे. पात्रे इतकी आहेत की कोणालाच पुरेसा अवकाश नाही. दाभाडे हे सुबक, नेमके काम आहे, त्यापलीकडे नाही. कारस्थानी मनुष्याला शब्द शोधावे लागत नाहीत, ही अडचण येथेही जाणवते.

हिंदी चित्रपटांचा प्रश्न आता सुटण्याच्या मार्गाला लागतो. शंभराहून अधिक हिंदी चित्रपटांत डॉ. लागूंनी कामे केली, आणि त्यांतील बहुतेक विसरण्याजोगी आहेत हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे. कारण केवळ भूमिका लहान होत्या हे नव्हे. ‘सामना’तही बोलणे थोडेच आहे. कारण असे की, त्या भूमिकांची वाक्ये पूर्ण झालेली असत. न्यायाधीश निकाल देतो, वडील आज्ञा करतात, डॉक्टर मृत्यूची बातमी सांगतो. बोलण्यापूर्वीच सर्व ठरलेले. ज्या नटाचे सारे बळ ठरत असलेल्या क्षणात आहे, त्याला ठरून गेलेल्या गोष्टी उच्चारण्यासाठी बोलावण्यात आले. मोठ्या अपेक्षेने गेलेल्याला तेथे स्वच्छ उच्चार आणि भारदस्त मुद्रा एवढेच मिळते, आणि निर्मात्यांना तेवढेच हवे होते. अपवाद ‘घरौंदा’चा (१९७७). भीमसेन यांच्या या चित्रपटातील मोदी हा वयस्क, हृदयविकाराने आजारी मालक. मुंबईत घर मिळावे म्हणून तरुण जोडप्यातील मुलीने त्याच्याशी लग्न करायचे आणि त्याच्या मरणाची वाट पाहायची, असा बेत. लग्नानंतर मोदी मरत नाही, उलट त्याला जगावेसे वाटू लागते. आपल्याला असे वाटू लागले आहे हे त्या माणसाला स्वतःलाच हळूहळू कळत जाते; म्हणजे येथे पुन्हा काहीतरी ठरत होते. या भूमिकेला फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले ते योग्यच झाले.

पुढील काळात रंगभूमीने त्यांना योग्य असे आणखी काही दिले. महेश एलकुंचवारांच्या ‘आत्मकथा’त (१९८८) आपल्या आयुष्याची कथा सांगू पाहणारा आणि सांगता सांगता तिच्या खरेपणाविषयी साशंक होत जाणारा वृद्ध लेखक; मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये (१९९९, दिग्दर्शन अतुल पेठे) सॉक्रेटिस. सॉक्रेटिसाची भूमिका त्यांच्यासाठीच असल्यासारखी वाटते, आणि कदाचित म्हणूनच ती थोडी सोपी ठरली. नटाची मते आणि पात्राची मते एका दिशेने वाहू लागली की मघाचा दुहेरीपणा क्षीण होतो. केळकरांच्या भाषेत सांगावयाचे तर समाधी राहते, विकल्प कमी होतो. त्या दृष्टीने ‘आत्मकथा’तील राजाध्यक्ष सरस. तेथे नटाला पात्राविषयी शंका आहे आणि पात्राला स्वतःविषयी.

या काळातील एका चित्रपटाचा उल्लेख सहसा होत नाही, तो करावयास हवा. मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये (१९८९) एक निवृत्त प्राध्यापक पावसाळी संध्याकाळी घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. उरलेला चित्रपट पत्नी, मुली आणि मुलगा यांचा. प्राध्यापक दिसतो तो त्यांच्या आठवणींत. प्रत्येकाची आठवण वेगळी, त्यामुळे प्राध्यापकही दर वेळी थोडा वेगळा : कोणाच्या आठवणीत विद्वान, कोणाच्या आठवणीत एक सामान्य, हेकट गृहस्थ. तो का गेला हे चित्रपट सांगत नाही. अशा भूमिकेत नटाजवळ वाहून नेण्यासाठी जवळजवळ काहीच नसते; कारण नाही, निर्णयाचा प्रसंग नाही, निरोपाचे भाषणही नाही. डॉ. लागूंनी त्या आठवणींतील साध्या प्रसंगांत, पुस्तकांत डोके घालून बसताना किंवा घरच्यांना उत्तर देताना, एक क्षणाचा उशीर ठेवला आहे. विचारलेले ऐकू आले आहे, उत्तरही माहीत आहे, पण ते द्यावे की नाही हे ठरलेले नाही. घरच्यांच्या तो उशीर त्या वेळी लक्षात आला नव्हता. प्रेक्षकाच्या मात्र येतो, आणि बाहेर पाऊस चालू असतो.